घडीवर बेतलेलं घर

ही गोष्ट कोणी खरी मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मंडी मोहल्ल्यात आजवर एकवीस जणांना सांगितली. त्यातले सतरा हसले, तिघांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि एक जण मध्येच उठून गेला तो अजून आपली पँट न्यायला आलेला नाही. तुम्हीही मानणार नाही, दामोदरराव. पण चामराजपुरमहून रिक्षा करून मुद्दाम आलात, तर ऐकून तरी जा.

"मी खरं म्हणजे सोयराबाईंना भेटायला आलोय," दामोदरराव म्हणाले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "आमची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. वरच्या मजल्यावर. परवा देवळात कोणीतरी म्हणालं, आग लागली, पाणी शिरलं, काहीही झालं तरी माणूस घराबाहेर कसा काढायचा याचा खाका सोयराबाईंनी केलाय. मला तसाच हवाय."

"ती वर कॉफी गाळतेय. तिला खाली यायला वेळ लागतो. गुडघे! तोवर मी सांगतो. आणि हे फत्तेसिंगराव, आमचे शेजारी. पेपर वाचताहेत. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, ते मध्ये बोलत नाहीत."

फत्तेसिंगरावांनी पेपर थोडा वर केला. मी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

तर मागच्या मार्चची गोष्ट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापडाचं एक गोदाम होतं. दुपारी चार वाजता तिथे कुठेतरी वायर पेटली. कापड पेटलं की ज्वाळा कमी आणि धूर फार. गल्ली अशी भरली की समोरचं कॉफीपुडीचं दुकान दिसेना. मी वरच्या खिडकीत उभा होतो. धूर इतका दाट, इतका घट्ट विणीचा, की मी कात्री घेतली आणि खिडकीतल्या खिडकीत अडीच मीटर कापून घेतला. कोटच शिवणार होतो.

"अडीच मीटरमध्ये कोट?" दामोदरराव म्हणाले.

"पन्हा मोठा होता. पण अस्तर मिळालं नाही, म्हणून राहिला."

दामोदररावांनी फत्तेसिंगरावांकडे बघितलं. तिकडे नुसता पेपर.

असो. आमचं घर कसं आहे ते बघा. खाली हे दुकान, वर आम्ही दोघं. मधला जिना सतरा पायऱ्यांचा, खांद्याएवढा रुंद, आणि शिडीसारखा उभा. सोयराला तो उतरायला रोज सकाळी पाच मिनिटं लागतात. बसत बसत, एकेक पायरी. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या, डॉक्टर म्हणतात. ही काठी बघताय ना मशीनला टेकवलेली? तिचीच.

त्या दिवशी धूर आत यायला लागला तसे आम्ही निघालो. नवव्या पायरीवर सोयरा अडकली. खालून धूर, वर चढायची ताकद नाही. गुडघा वाकेना, सरळही होईना. मी तिच्या खालच्या पायरीवर. ती म्हणाली, "तुम्ही जा." मी म्हणालो, "नाही जात." ती म्हणाली, "अहो, दोघांनी मरून काय होणार आहे?" मी म्हणालो, "एकट्याने जगून तरी काय होणार आहे?" आणि मी पदराने...

"पदराने?"

"तिच्या पदराने. तिचा पदर ओला करून मी तिच्या नाकावर धरला. ऐका हो जरा, दामोदरराव."

आगीचा बंब आला, आग विझली, धूर गेला. आम्हाला काही झालं नाही, नुसतं दोन दिवस काळं खोकत होतो. पण त्या पायरीवरची वीस मिनिटं घरातून काही जाईनात.

मग आमचा शशांक आला. मुलगा. बोगादीला स्वतःचं घर आहे त्याचं, खालच्या मजल्यावर सगळं, एक पायरी म्हणून नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. जिन्यात जाऊन नवव्या पायरीवर जरा वेळ बसला. मग वर येऊन म्हणाला, "आप्पा, आई, आता साकु. पुरे झालं. सामान बांधा. बोगादीला चला."

सोयरा म्हणाली, "आणि दुकान?"

"दुकान कशाला हवं या वयात?"

दामोदरराव, या दुकानात आमची बावन्न वर्षं गेली. दसऱ्याला बँडवाल्यांचे लाल कोट, त्यांच्या झालरी, पाठीवरची सोनेरी पट्टी, सगळं इथे. मी बेतायचं, तिने काज करायचं. बोगादीचं घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? पण तिथे सकाळी दार उघडलं की समोर दुसऱ्याचं बंद दार. इथे दार उघडलं की निदान चार माणसं भांडताना तरी दिसतात. ज्याला तिकडे जावं लागणार होतं, त्याला तिथे मशीनही नाही आणि भांडणही नाही. असा माणूस किती दिवस टिकतो?

शशांकच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी भोंगा वाजवतात आणि आठशे माणसं चार मिनिटांत अंगणात काढतात. तो मोठा भला मुलगा. त्याने अट घातली. "तीन मिनिटं. अंथरुणापासून समोरच्या अश्वत्थकट्ट्यापर्यंत. दोघंही. जमलं तर राहा. नाही जमलं तर मी स्वतः कुलूप लावीन."

आमच्या गल्लीतल्या पिंपळाचा पार तो अश्वत्थकट्टा. आमच्या दारापासून बारा पावलं.

मी काही बोललो नाही. मला काय, मी बाराच्या जागी सहा पावलांत जाईन. मी विशीत असताना पायाचं मशीन डोक्यावर घेऊन चामुंडीच्या हजार पायऱ्या चढलेला माणूस. वर जाऊन देवीसमोर एक पोलकं शिवलं आणि त्याच मशीनसह खाली उतरलो.

"मशीनच्या लोखंडी पायांसकट?" दामोदररावांनी विचारलं.

"पाय लोखंडी होते म्हणूनच न थकता आलं ना ते!"

सोयरा मात्र बोलली. शशांकला म्हणाली, "पंधरा दिवस दे." आणि गळ्यात टेप अडकवला.

आता मी तिचं कौतुक करणार आहे. नवऱ्याने बायकोचं कौतुक केलं की लोकांना संशय येतो, तो येऊ द्या. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं बघितली. पण घर असं अंगावरच्या कपड्यासारखं मोजणारी बाई मी दुसरी बघितली नाही. अंथरुणापासून दारापर्यंत किती हात, दारापासून जिन्यापर्यंत किती, उंबरा किती उंच, कडी कुठल्या हाताला. डोळे बांधून मोजलं, कारण धुरात डोळे असून नसल्यासारखेच. मग काय केलं? कंबरेएवढ्या उंचीवर भिंतीला नाडी ताणली, परकराची असते ना, ती सुती नाडी. आणि नाडीला गुंड्या शिवल्या. एक गुंडी लागली हाताला, म्हणजे वळण. दोन गुंड्या, म्हणजे दार. तीन, म्हणजे पुढे पायरी आहे, थांब. आंधळ्यानेही चालत जावं. मी एकदा चाचपत गेलो, गुंड्या मोजत मोजत थेट श्रीरंगपट्टणला पोचलो.

"ते जाऊ द्या," दामोदरराव म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढून गुंड्यांचा हिशेब लिहून घेतला. "पुढे?"

पुढे पिशवी. जाड कापडाची, दाराशी खुंटीवर, त्या खुंटीवर दुसरं काही टांगायचं नाही. आठ दिवसांची औषधं, जादा चष्मा, टॉर्च, घराची कागदपत्रं. आणि फोन नंबर! नंबर आता पाठ कोणाला असतात? फोन विझला की माणूस विझतो. कागदावर लिहावेत तर भिजतात. तिने काय केलं, माझ्या बंडीच्या आतल्या खिशावर लाल दोऱ्याने टीप घालून शिवले. शशांकचा नंबर, आणि वर मोठ्या आकड्यात एकशे बारा. धुऊन बघा, उकळून बघा, जात नाही.

गॅसची चावी कोणी फिरवायची, मेन स्विच कोणी पाडायचा, सगळं ठरवलं. मी विचारलं, "आणि देव्हाऱ्यातला विठोबा कोणी घ्यायचा?" आमच्यात देव सोडून घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, तुम्हाला सांगायला नको. ती म्हणाली, "आधी माणसं. तो विटेवर इतकी वर्षं उभा आहे, आणखी पाच मिनिटं उभा राहील." तुमच्या देवळातल्या मंडळींना हे सांगू नका.

आणि प्रत्येक कामाला तिने माया सोडली. कपड्याला शिवणीसाठी दोन बोटं जास्त सोडतो आपण, तशी. दार उघडायला पाच सेकंद लागतात, तर धरायचे दहा. "घाबरलेल्या माणसाचे हात कपड्यासारखे आटतात," ती म्हणाली.

शेवटी तिने सगळ्याचा खाका काढला. त्या खिळ्यावर टांगलेला खाकी कागद दिसतोय? काढा बघू तेवढा. तुम्ही स्टुलावरून उठलाच आहात.

"मी बसलोय," दामोदरराव म्हणाले. पण उठले. कागद काढून त्यांनी मशीनवर पसरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? दोन स्वयंपाकघरं?"

तीच तर गंमत. शर्टाची पाठ कशी बेततात? कापड मध्ये घडी घालायचं, घडीवर अर्धी पाठ आखायची, कापायचं, उलगडलं की अखंड पाठ. बावन्न वर्षं हीच सवय. सोयराने कागदाला घडी घातली, घडीवर घर आखलं आणि सर्रकन कात्री चालवली. उलगडला तर घर दुप्पट! दोन स्वयंपाकघरं, दोन देव्हारे, दोन जिने. मी म्हणालो, "नवरेही दोन आले का?" ती म्हणाली, "एकच आवरत नाही."

हसलो आणि सोडून दिलं. काट मारायची राहिली. आमच्या दोघांना तो कागद बघायची गरज नव्हती. पण पहिल्या तालमीला शशांकबरोबर आमची नात आली, सहना. चौदा वर्षांची, शाळेत अशा तालमी करून पटाईत झालेली. ती म्हणाली, "अज्जी, मी डोळे बांधून तुम्हाला वाट दाखवते, मी मॅप बघितला." शिटी वाजली. सहना पुढे, मागे आम्ही. नाडीच्या गुंड्या डाव्या हाताला होत्या, ही पोरगी कागद आठवून उजवीकडे वळली. दुसऱ्या जिन्याने उतरायला. आणि धाडकन मागच्या खोलीतल्या कपाटावर आदळली.

"अय्यो अज्जी! जिना कुठे गेला?"

"अगं, तो नाहीच आहे!"

"मग काढला कशाला? सुम्ने?"

सुम्ने म्हणजे उगाच. उगाचच काढला होता. परत फिरलो, खऱ्या जिन्यावर आलो, बसत बसत उतरलो. अश्वत्थकट्ट्यावर शशांक फोन धरून उभा. सहा मिनिटं दहा सेकंद. त्याने फोन आईपुढे धरला. म्हणाला, "परवा टेम्पो सांगतो."

सोयरा म्हणाली, "पंधरा दिवस दिलेस. नऊ झालेत."

ती दुपार मला आठवते. ती खाली बसली, कागद पुढ्यात पसरलेला. मला वाटलं, रडतेय. बघतो तर कागद मिटतेय, उलगडतेय. मिटतेय, उलगडतेय. मग एकदम म्हणाली, "अहो, हा खाका चुकलेला नाही."

"दोन जिने आहेत त्यात, सोयरा."

"दोनच आहेत. दुसरा फत्तेसिंगरावांच्यात आहे."

दामोदरराव, ही घरं जुळी आहेत. एका कंत्राटदाराने आपल्या दोन मुलींसाठी बांधली, भिंतीला भिंत. आमचा जिना डावीकडे तर त्यांचा उजवीकडे. आमचं स्वयंपाकघर इकडे तर त्यांचं तिकडे. शर्टाच्या दोन पाख्यांसारखी. आणि मध्ये, जिथे कागदाची घडी येते, तिथे वरच्या मजल्यावर दोन बहिणींना येण्याजाण्यासाठी एक दार! आमच्या बाजूने त्यावर कपाट. ज्यावर सहना आदळली, तेच. त्यांच्या बाजूने कडी. चाळीस वर्षांत ते दार आहे हे मी विसरलो होतो. तिच्या कात्रीला आठवत होतं.

"वा!" दामोदररावांच्या तोंडून निघून गेलं.

वा म्हणायची घाई करू नका. कडी फत्तेसिंगरावांच्या बाजूला, आणि आमचा अकरा वर्षांचा अबोला. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी त्यांना कोट शिवला होता. ते म्हणाले डावी बाही आखूड. बाही आखूड नव्हती. त्यांचा हात लांब होता. पिढ्यान् पिढ्या पलटणीत भाला धरून यांच्या घराण्याचे हात वाढलेत, त्याला शिंपी काय करणार?

पेपर सळसळला.

सोयरा उठली, टेप घेतला आणि शेजारी गेली.

"गुडघे दुखत असताना?" दामोदररावांनी विचारलं.

"रागात होती. रागात गुडघे दुखत नाहीत."

"आणि तुम्ही?"

"मी वर गॅलरीत. तिथून सगळं ऐकू येतं."

सोयरा त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणाली, "फत्तेसिंगराव, तो कोट आणा."

"कुठला कोट, वहिनी?"

"ज्याच्यावर अकरा वर्षं काढलीत तो."

कोट आला. तिने त्यांना उभं केलं, खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला. "डावी बाही अर्धा इंच आखूड आहे."

"तेच तर मी सांगत होतो!" फत्तेसिंगराव गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडले.

"मग मला का नाही सांगितलंत? त्यांना कशाला सांगायला गेलात? शिंप्याला त्याची चूक दाखवून कोणी आजवर कोट दुरुस्त करून घेतलाय?"

तिने तिथेच ओट्यावर बसून अस्तर उसवलं. आत माया सोडलेली होती, माझीच, मी भरपूर सोडतो. अर्धा इंच काढला, टाके घातले, इस्त्री मागितली. यांनी कोट घालून दोन्ही हात असे पुढे फेकले, गरडीत, म्हणजे आखाड्यात, कुस्तीच्या आधी फेकायचे तसे. बाही बरोब्बर मनगटावर.

"आता कडी काढा," सोयरा म्हणाली.

"कुठली कडी?"

तिने खाका उलगडून दाखवला. यांनी दुसऱ्या जिन्यावर बोट ठेवलं. यांचा जिना माहीत आहे ना तुम्हाला? नाही, तुम्हाला कसा माहीत असणार. यांच्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा यांनी जुना जिना तोडून नवा बांधला. रुंद, बसक्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा. दोन माणसांनी खुर्ची उचलून आरामात उतरावं असा. ती माउली गेली, त्यालाही सहा वर्षं झाली.

मी गॅलरीतून कान दिला. हे म्हणाले, "वहिनी, त्या जिन्यावरनं आता मी एकटाच चढतो, एकटाच उतरतो. एवढा रुंद जिना." आणि आत गेले. थोड्या वेळाने आमच्या कपाटामागे कडीचा आवाज झाला.

मग मी आमच्या बाजूचं कपाट सरकवलं. कपड्यांनी भरलेलं, सागवानी, एकट्याने. करंगळीने.

पेपर पुन्हा सळसळला. मी तिकडे बघितलं नाही.

उरलेल्या सहा दिवसांत तिने खुर्ची तयार केली. आमची जुनी वेताची खुर्ची. तिला ताडपत्रीचे पट्टे शिवले, चौपदरी, दुहेरी टीप घालून. एक पट्टा पुढच्या माणसाच्या खांद्यावर, एक मागच्या. बसणाऱ्याला छातीवर आणखी एक, म्हणजे पुढे कलंडायला नको. पुढच्या पट्ट्याला तिने एक सोडून तीन काजं केली. पहिलं काज फत्तेसिंगरावांच्या मापाचं. ते घरी नसले तर दुसरं त्यांच्या सुनेच्या मापाचं, वनजाच्या. तीही नसली तर तिसरं समोरच्या कॉफीपुडीवाल्याच्या. तिघांनाही तिने गल्लीत उभं करून मापं घेतली. मागचा पट्टा मात्र एकाच मापाचा, चार बोटं आखूड.

दामोदरराव लिहिता लिहिता थांबले. "मागे कोण?"

"मी. आणखी कोण?"

"तुम्ही चांगले उंच दिसता. मग मागचा पट्टा आखूड कसा?"

"खांदे रुंद आहेत. रुंदीत गेलं की उंचीत कमी पडतं."

ते विचार करायला लागले. मी त्यांना फार विचार करू दिला नाही.

आता फत्तेसिंगरावांना बोलवायचं कसं? दारातल्या फटीतून दोरी नेली, पलीकडे यांच्या पलंगाशी घंटा. आमच्या अंथरुणाशी दोरी ओढली की घंटा वाजते. तिने दिवसातून केव्हाही दोरी ओढून बघितली. हे जेवत असोत, झोपलेले असोत, आंघोळ करत असोत. एकदा हे साबणासकट आले.

"ते खरं आहे," पेपरामागून आवाज आला. दामोदरराव दचकले.

पंधरावा दिवस रविवार. सकाळचे दहा. अश्वत्थकट्ट्यावर शशांक, हातात फोन. सगळी गल्ली गच्च्यांवर. दसऱ्याच्या जंबूसवारीला, त्या हत्तींच्या मिरवणुकीला, रस्त्यावर नसते एवढी माणसं आमच्या गल्लीत होती, एका गच्चीवर तर लोक एकमेकांच्या खांद्यावर तीन थर करून उभे होते. खाली शशांकचा टेम्पोवाला मित्रही येऊन थांबलेला. टेम्पो रिकामा होता, पण सोयराने तो बघितला आणि तोंड फिरवलं.

सहनाने शिटी फुंकली.

दोरी ओढली. घंटा. गॅस बंद. पिशवी खुंटीवरून गळ्यात. खोलीत शशांकने मुद्दाम धूप जाळून धूर केलेला, डोळे झोंबत होते. नाडी. ती आता मधल्या दाराकडे नेलेली. एक गुंडी, वळण. दोन गुंड्या, दार. दार उघडलं तर पलीकडे हे उभे, कोट घातलेले! "तालमीला कोट कशाला?" सोयराने विचारलं. हे म्हणाले, "बाही जमलीय, तर घालू नको?" खुर्ची तयार. सोयरा बसली, छातीचा पट्टा आवळला, पहिलं काज यांनी अडकवलं, मागचं मी. उचलली. आणि त्या रुंद जिन्यावरून अशी निघाली खुर्ची, अंबारीसारखी डुलत! अकराव्या पायरीवर वर बघावं तर छताला कोळ्याचं केवढं जाळं, त्यात एक माशी अडकून गोल गोल फिरतेय. पुढे पांढरी चुन्याची पट्टी, तिथे दोन पाली...

"मागून खुर्ची उचलून उतरताना तुम्हाला छत दिसलं?" दामोदरराव म्हणाले.

"मान ताठ ठेवायची सवय आहे मला."

"पायरीकडे न बघता?"

"अहो, ऐका ना, आता तर खरी मजा आहे."

जिना संपला, दार, गल्ली, बारा पावलं. खुर्ची कट्ट्यावर टेकली. सगळी गल्ली गच्च्यांवरून वाकली. शशांकने फोन बघितला. पुन्हा बघितला. सहनाने त्याच्या हातातून ओढून घेतला आणि किंचाळली, "दोन मिनिटं अठ्ठेचाळीस!"

टाळ्या किती वेळ वाजल्या ते सांगत नाही, तुम्ही लिहायचा कागद खाली ठेवाल. पण शशांक टाळ्या वाजवत नव्हता. तो पिंपळाखाली आपल्या आईशेजारी बसला. तिच्या खांद्यावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता, त्यावर त्याने हात ठेवला आणि म्हणाला, "आई, बोगादीच्या घराचाही खाका काढून देशील? आमच्याकडे मागचं दारच नाही, हे मला आत्ता कळलं."

टेम्पो रिकामा गेला. आणि आम्ही इथेच. दसऱ्याचे कोट आता कापायला घ्यायचेत.

दामोदरराव कागद पुन्हा पुन्हा बघत होते. "खांद्यावर वळ," ते हळूच म्हणाले. "खुर्चीत बसलेल्या बाईच्या खांद्यावर?"

मी उत्तर देणार तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. टप, टप, टप, टप. सतरा पायऱ्या, एका दमात. सोयरा खाली आली. एका हातात कॉफीच्या चार पेल्यांचा ट्रे, दुसऱ्या हातात इडलीची बशी, कठड्याला हात नाही, भिंतीला हात नाही. पदर खोचलेला. ट्रे मशीनवर ठेवून तिने मशीनला टेकवलेली काठी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"अहो, पाव्हणे आलेत आणि तुम्ही तासभर एका जागी. उठा जरा, पाय आखडतील."

दामोदररावांनी काठीकडे बघितलं, मग सोयराच्या पायांकडे, मग माझ्याकडे.

"बघितलंत?" मी घाईने म्हणालो. "खाक्याचा गुण! तालीम झाली आणि तिसऱ्या दिवशी तिचे गुडघे बरे झाले. डॉक्टरसुद्धा..."

फत्तेसिंगरावांनी पेपराची घडी घातली, मांडीवर ठेवली, आणि आपला डावा खांदा चोळला.

"विठ्ठलराव, धूर कापलात, मी गप्प बसलो. करंगळीने कपाट सरकवलंत, गप्प बसलो. पण दामोदरराव, खुर्ची पुढून मी उचलली होती आणि मागून वहिनींनी. त्यात बसून 'सावकाश, फत्ते, सावकाश, पाली बघ केवढ्या' असं छताकडे बघत ओरडत होता तो हा माणूस!"